बोळीतली पंगत

अबे, तो बाभुळगावचा किस्सा ऐक! तिथल्या आचारीकाकांची वेबसाइट बनवली, माह्यं पहिलंच काम. लॅपटॉपवर एकदम झक्कास. काकांनी आपल्या मोबाईलवर उघडली, तं चारही फोटो एका ओळीत चिरडलेले अन् बुकिंगचं बटन गायब.

"काहून रे, मोबाईलवाल्यानं मले लग्नाले बोलवाचंच नाही काय?"

मले वाटलं, गेलं काम. म्हटलं, "काका, स्क्रीनच लहान हाये न!"

"अंगणात चार पंगती बसवतो, बोळीत एकच. म्हून काय पत्रावळ फाडून अर्धी करतो? एकामागं एक बसव. अन् वाढप्याले जागा ठेव आधी."

अबे, कोर्समध्ये सहा महिने जे डोक्यात शिरलं नाही, ते काकांनी एका दमात शिरवलं! तिथंच बसून बटन वर घेतलं, फोटो एकाखाली एक लावले.

काकांनी अंगठ्यानं सरकवत शेवटपर्यंत पाह्यलं. "हां, आता बसली पंगत!"