तपासलं भाऊंनी, सही माझी

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे संचालक, निर्यात खात्याचे पाहुणे, भाऊंच्या घरची मंडळी आणि पाळी संपवून गमबुटांसकट दाराशी उभे असलेले माझे सहकारी,

मला दोन शब्द गोड बोलायला सांगितलंय. प्रयत्न करते.

भाऊ आपल्या मांसकारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस आणि मी इथली पशुवैद्य. परदेशी जाणाऱ्या मालाच्या दाखल्यावर सही माझी, कारण पदवी माझ्याकडे. पण जनावर आत येताना त्याची चाल कोण बघायचं? सोललेल्या धडाच्या गाठी कोण चाचपायचं? पहिल्याच आठवड्यात भाऊ मला म्हणाले होते, "बाई, जरा डोळे मिटा आणि बोटांना विचारा." कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना हा निरोप कशाला? पत्रिकेत छापलंय, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. अहो, कुणाला वेड्यात काढता? भाऊंची प्रकृती ठणठणीत आहे!

मार्चमध्ये आपला एक कंटेनर परत आला. मांसात पू भरलेल्या गाठी निघाल्या. चौकशी समितीने अडीच तासांत निकाल लावला: तपासणी अर्हता नसलेल्या माणसाने केली. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर कोण? या माइकमागे उभी आहे.

आपल्याकडे एक रीत आहे. मी बाहेरगावी जाणार असले की कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून गठ्ठा कारकुनाकडे ठेवायचा. माल अडायला नको ना! तो कंटेनर निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, भाऊंनी त्यातला माल बाजूला काढला आणि मला फोन केला, "बाई, हा जाऊ देऊ नका." मी प्रशिक्षणाला गेले होते. विषय सांगू? 'दाखला देणाऱ्यांची अर्हता'! हसू नका. मी म्हणाले, "सोमवारी बघू, भाऊ." शनिवारी कंटेनर माझ्या सहीने निघून गेला.

चौकशीत मला विचारलं, तपासनिसांचा फोन आला होता का? संचालक समोर बसले होते. मी म्हणाले, आठवत नाही. भाऊ बाहेर बाकावर होते. नंतर आत गेले, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. का गप्प बसलात हो भाऊ? तुमचा राग येतो मला. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

संचालकसाहेब, बसा, उठू नका. आज सकाळी कोऱ्या दाखल्यांचा नवा गठ्ठा माझ्या टेबलावर आलाय. त्यावर सही होणार नाही. त्या फोनची नोंद आणि माझा लेखी जबाब मी दुपारीच खात्याला दिलाय. पोच या पाहुण्यांनीच दिली. माझा परवाना राहतो की जातो ते खातं ठरवेल. भाऊंवरचा ठपका मात्र पुसलाच पाहिजे.

वहिनी, कुणी टोमणा मारला तर खुशाल सांगा, चूक डॉक्टरीणबाईंची होती, भरसभेत कबूल केलीय.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. आवाज चढला, कुणाचा मान राखायचा राहिला, तर पोटात घाला. ती सही मात्र पोटात घालू नका. भाऊ, तुम्हीसुद्धा नाही.