अस्नोड्याच्या गिरणीत बुवांची गाडी

हॅलो?… हो, सुशीला, मीच… अगो, जरा मोठ्यानं बोल, मी पिठाच्या गिरणीत उभी आहे… गिरणीत. अस्नोड्याला… नाही, दळण नाही आणलं. गाडी चार्जिंगला लावलीय.

हो, हो… बुवा आहेत बरोबर. फोंड्याहून घेतले. पेटीवाले, तबलावालेही आहेत. गंगाबाईंच्या सोप्यावर बसलेत सगळे… गंगाबाई म्हणजे या गिरणीच्या मालकीण. मघाशीच ओळख झाली. बुवांना गरम पाणी दिलं, बाकीच्यांना चहा आणि उंडे पाव.

घसा बरा म्हणतात… माहीत आहे गे मला. आजारपणानंतरचं पहिलं कीर्तन, त्यात यंदा मान तुमच्या घराचा. कीर्तन झाल्याशिवाय पालखी उठत नाही, तेही माहीत आहे. मी काय पेडण्याला आज पहिल्यांदा येतेय?

नाही, काही जळलं नाही… धूरही नाही… ती घरघर गिरणीची. गाडीला आवाजच नाही. तिच्यात तेवढा एकच दोष आहे, असं तुझे दादा म्हणतात.

कंपनी चारशे सांगते, हो. चारशे किलोमीटर ती कुठं जाते, ते कंपनीलाच ठाऊक. सपाट रस्ता असणार, आत एकटा माणूस, तोही अर्धपोटी. आमची अडीचशे जाते… भावोजी हसतायत का मागं? त्यांना विचार, त्यांच्या पेट्रोलच्या गाडीला कंपनीनं लिटरमागं किती सांगितले होते… बावीस. आणि देते किती?… विचार ना… पंधरा. मग? स्थळ घेऊन येणारा मुलाचा पगार थोडा वाढवूनच सांगतो. म्हणून लग्नं थांबली का कुणाची?

मग अडीचशेची गाडी अस्नोड्यात का बसली, हो ना? सांगते. ऐक तर.

काल सांजवेळी मी स्वतः ती प्लगला लावली. पूर्ण भरून सकाळी निघायचं. तर तुझ्या दादांनी निजायच्या आधी मेन स्विच बंद केला… गाडीचा नव्हे, घराचा. फ्रिजसकट. दूध नासलं ते वेगळंच… का म्हणजे? त्यांनी व्हिडिओ बघितला होता. उभ्या गाडीनं पेट घेतल्याचा… कुणी पाठवला ते नको विचारू… विचारतेसच? तू पाठवलास, बाये. खाली हात जोडलेली चित्रं, आणि “दादा, रात्री लक्ष ठेव.”

त्यांनी लक्ष ठेवलं.

खोटा नसेल गे व्हिडिओ. पेटतात काही गाड्या, आणि पेटली की लवकर विझत नाही, तेही ऐकलंय मी. म्हणून तर कंपनीनं दिलेलीच वायर वापरते. इथंही आधी अर्थिंग बघून घेतलं, मगच प्लग लावला. पण भावोजींच्या चुलत्यांची व्हॅन भर बाजारात जळली, तेव्हा पेट्रोलला काही बोललीस? ग्रह वाईट होते म्हणालीस.

सकाळी आकडा?… बघितला ना. ऐंशी किलोमीटर दाखवत होती. मी म्हटलं, पुरणार नाही, थोडा वेळ तरी लावूया. तर हे म्हणाले, काटा तळाला गेला तरी टाकीत थोडं असतंच. जन्मभर खाणीवर टिपर चालवलेला माणूस. म्हटलं, अहो, हिला टाकीच नाही. म्हणाले, देवाच्या कामाला निघालोय, तो बघेल. देवानं गिरणी दाखवली. वाटेतलं चार्जिंग स्टेशन बंद होतं, आणि गिरणीचं दार उघडं. गंगाबाईंनी एका शब्दावर मोठा प्लग दिला.

काय?… भावोजी गाडी काढतात?… नको… अगो, ऐक ना. बुवांना विचारलं मी, दुसरी गाडी मागवू का म्हणून. ते नाही म्हणाले… राग? राग कसला? सांगते.

घशासाठी एसी बंद ठेवला होता. फोंडा सोडला, आणि मागून काहीतरी ऐकू यायला लागलं. मला वाटलं गाडीचंच. बुवा गुणगुणत होते. अगदी दबकत, अंधारात पायरी चाचपावी तसं. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे त्यांना स्वतःचा बारीक सूरही ऐकू येत होता, ताण द्यावा लागत नव्हता. साखळी गाव येईपर्यंत वरच्या षड्जाला हात लावून आले. पेटीवाले डोळे पुसत होते म्हणे. मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ते थांबले असते.

मघाशी मला म्हणाले, “वहिनी, आज कितीतरी दिवसांनी माझा आवाज मला भेटला. पेडण्याला याच गाडीतून नेता आलं तर न्या.”

…सुशीला?… रडू नकोस, तिकडे तयारी कर.

आकडा छत्तीस झालाय, तुझं देऊळ बावीस-तेवीसवर. निघतोच आता. भजनी मंडळाला म्हणावं, आणखी दोन अभंग घ्या, घाई करू नका. आणि रात्री आम्ही सगळे तुमच्याकडेच, बुवांना उद्या फोंड्याला सोडायचं. तेव्हा गाडीला रात्रभर प्लग हवा… देवळाच्या आवारात कमिटी नको म्हणते? का?… त्यांनाही पाठवलास व्हिडिओ. बरं.

मग तुझ्या बागेतल्या मांगरात लावू. पंपाचा मोठा प्लग आहे ना तिथं?

…मांगरात नको? मग कुठं लावू?

हे बघ, बुवा येतील ते या गाडीतून. गाडी आली की ती रात्री कुठंतरी लागणार… हो… हो… वाळूच्या बालद्या ठेव ना. दोन ठेव, चार ठेव. जवळ गवत ठेवू नकोस म्हणजे झालं. तुळशीपाशी बसून जप केलास तरी चालेल, पण प्लगला हात लावायचा नाही… शपथ नको, नुसतं हो म्हण… शाबास.

अंथरुणं? बुवांचं आतल्या खोलीत घाल, वारा लागायला नको. तुझ्या दादांचं माडीवर… हो, गुडघे दुखतात, मला माहीत आहे. तरी माडीवरच… अगो, मेन स्विच खाली ओटीवर आहे ना, म्हणून.

चल, बुवा उठले. ठेवते.