ठकीच्या रक्तातलं शिसं

सासरे : तिथेच थांब, सूनबाई. उंबरा ओलांडू नकोस. वर्कशॉपमधली धूळ कपड्यांना लागली की थेट घरात जाईल.

सून : बाबा, प्रयोगशाळेत दिवसभर मी शिसंच मोजते. मला काय धुळीची भीती घालता?

सासरे : म्हणून तर तुला जास्त कळायला हवं. डबा त्या स्टुलावर ठेव आणि जा.

सून : डबा आणलाच नाहीये.

सासरे : म्हणजे म्हाताऱ्याला आज उपास?

सून : आज घरात येऊन जेवायचं. तुमचं ताट वाढून ठेवलंय.

सासरे : ते जमायचं नाही. ठकीच्या रक्तात शिसं निघालं, त्याच दिवशी मी ठरवलंय. जन्मभर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं मी. माझ्या हाताला, शर्टाला, मिशीलासुद्धा असणार ते. आणि ती कार्टी नेमकी आजोबाची मिशीच ओढायची.

सून : तिची दुसरी तपासणी झाली. शिसं वाढलंय.

सासरे : वाढलंय? अगं, पण मी तर इथे वर्कशॉपमध्येच राहतोय! लांबूनसुद्धा हात करत नाही तिला.

सून : मलाही तिथेच खटकलं. तुम्ही लांब गेलात तर कमी व्हायला हवं होतं ना?

सासरे : मग माझं सामान गावाबाहेर हलवतो. उद्याच.

सून : ऐकाल का जरा? तुम्ही ना, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाशा गुंडाळता. तुमचा शर्ट, इथली धूळ, नळाचं पाणी, तिची खेळणी, सगळं मी आमच्या यंत्रात तपासलं. आणि तिचं रक्तही.

सासरे : शिसं ते शिसं. त्यात काय निवडायचं?

सून : तसं नाही. शिशात हलके-जड असे अणू एकत्र असतात. कुठल्या खाणीतलं आहे, त्यावर त्यांचं प्रमाण ठरतं. मग ते वितळवा, रंगात घाला, नाहीतर पोरीच्या पोटात जाऊ दे, ते प्रमाण काही बदलत नाही.

सासरे : म्हणजे माझ्या शिशाला माझा वास येतो म्हण की.

सून : तसंच समजा. आणि ठकीच्या रक्तातल्या शिशाला तुमचा वास नाही.

सासरे : माझ्या समाधानासाठी बोलतेयस.

सून : मी? तुमच्या चहात साखर कमी घालते ती मी तुमच्या समाधानासाठी आकडे फिरवीन? तीन वेळा यंत्रात घातलं. तुमचं नाही, बाबा. तुमचं अजिबात नाही.

सासरे : माझं नाही म्हणतेस? मग कुणाचं गं?

सून : पाण्याचं नाही, खेळण्यांचंही नाही. डोकं चालेना. काल सहज ठकीशेजारी जमिनीवर बसले, तिच्याएवढी होऊन. तेव्हा दिसलं. खिडकीच्या चौकटीवर दातांच्या खुणा. खालच्या लाकडावर, इकडून तिकडे.

सासरे : पण तो रंग तर नवा आहे! ती जन्मली तेव्हा मीच दिला होता.

सून : तुमच्या पांढऱ्या रंगाखाली जुना पिवळा आहे, शिसं घातलेला, आपण घर घेण्याआधीचा. दातांनी ती तिथवर पोचली. आज तो तपासला. रक्ताशी तंतोतंत जुळला.

सासरे : उंदीरच आहे ती. पण चौकट कशाला चावते? घरात खायला कमी आहे का?

सून : तिथून तुमच्या वर्कशॉपचं दार दिसतं. तुम्ही कामावरून यायचात तेव्हा ती तिथे उभी असायची ना? चावायची तेव्हाही, पण तुम्ही आलात की सोडून उडी मारायची. आता तुम्ही येतच नाही. मग ती उभीच राहते, चावत राहते.

सासरे : मी तिला वाचवायला म्हणून इथे बसलो होतो गं.

सून : माहितीये मला. म्हणून तर ओरडले नाही, नाहीतर दार तोडून नेलं असतं तुम्हाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलंय, आता उतरेल. उद्या चौकट काढणारे येतायत. आणि तुम्ही मोकळे सुटलात असं समजू नका. तुमची धूळही विषच आहे. आंघोळ करायची, कपडे इथेच टाकायचे, मगच घरात.

सासरे : मिशी?

सून : मिशीसुद्धा साबणाने.

सासरे : काढूनच टाकतो.

सून : खबरदार! ओळखणार नाही ती.

सासरे : बरं बरं. पाणी तापतं तोवर तू हो पुढे. आणि आज तरी तिला त्या खिडकीशी जाऊ देऊ नकोस.

सून : खिडकीला फळी ठोकली मी दुपारीच. आता ती दारात येऊन बसलीय.