खाडीत पाखरू नाही

भावेश : टेन्शनच घेऊ नकोस, रचना. जेटी झाली तर पर्यावरणाचं काय बिघडेल, याचा अख्खा अहवाल मी लिहिलाय. या खाडीत पाखरूसुद्धा फिरकत नाही! समिती येणार, रिकामा किनारा बघणार, मंजुरी देणार. सोमवारपासून मी मुंबईत, हेड ऑफिसला.

रचना : सर, जरा केबिनबाहेर येता?

भावेश : का? (दार उघडून) अरे यार! एवढे बगळे? कुठून आले?

रचना : कोळीवाड्याच्या ठमाबाईंनी जवळा वाळत घातलाय.

भावेश : ठमाबाई! आमच्या जागेत मासळी?

ठमाबाई : तूच ओटा बांधून दिलास ना, सायबा? नारल फोडलास, आमच्यासंगती फोटू काढलास.

भावेश : तो जनसुनावणीत तुम्ही ओरडू नये म्हणून!

ठमाबाई : मंग, वरडलाव का आमी?

भावेश : उचला तो जवळा. आत्ताच्या आत्ता!

ठमाबाई : ओला हाय रं. कुजंल. तुज्या केबिनमदी पसरू? पंका हाय तितं.

भावेश : पसरा! टेबलावर पसरा, खुर्चीवर पसरा!

रचना : सर, समितीचा नाश्ता केबिनमध्येच लावलाय.

भावेश : झाकून ठेव. लाँच कुठवर आलीय?

रचना : मांडव्याहून केव्हाच निघाली. खाडीच्या तोंडाशी आहे.

भावेश : येसाजी तांडेलाला फोन लाव. म्हणावं, लाँच फिरव, समितीला किल्ला दाखव, नारळाची झाडं दाखव, काहीही दाखव! अर्धा तास काढ.

रचना : ओहोटी लागलीय, सर.

भावेश : लागू दे! मी काय पहिल्यांदा खाडी बघतोय? तीनदा पाहणी केलीय.

रचना : तिन्ही वेळा भरतीला. गाळात बूट भरतात म्हणून.

भावेश : वाद नको, फोन कर. ठमाबाई, हाकला ते बगळे!

ठमाबाई : डबा बडवू?

भावेश : बडवा!

ठमाबाई : हाऽऽड! हाऽऽड! चला, निंगा! सायबाची बढती हाय!

भावेश : उडाले! रचना, उडाले! एक नाही राहिला! बघितलंस? डोकं लागतं याला. गेले कुठं?

रचना : खाडीत. पाणी उतरलंय ना, गाळावर बसलेत. आधीचेही आहेत तिथं बरेच.

भावेश : मग येसाजीला सांग, लाँच आणूच नको. परत फिर म्हणावं.

रचना : त्याचाच फोन होता. लाँच गाळात रुतलीय. आता संध्याकाळच्या भरतीलाच निघेल. समितीनं दुर्बिणी काढल्यात.