लग्नात दिलेली बंदूक

केंटकीच्या तुरुंगात भेटीच्या रांगेत डार्लीनच्या पुढे अनोळखी सासू-सून उभ्या होत्या.

“नशेच्या गोळ्या विकल्याची पाच वर्षं भोगेल क्लेटन. पण बंदुकीची वर दोन कशाला, आई?”

“माल आणि बंदूक एकाच घरात सापडली ना, पोरी.”

“बंदूक माझी होती. लग्नात तुम्हीच दिलीत, एकटीला भीती वाटू नये म्हणून.”

“आमच्यात सुनेला देतातच.”

“कोर्टात तो म्हणाला, माझीच आहे. आज वकिलाला खरं सांगते.”

“म्हणजे तूही आत जाशील. बाळाचं काय?”

“पुढे सरका!” पहारेकरी ओरडला.

मागे ऐकत उभी असलेली डार्लीन जागची हलली नाही.

“मग त्याला काय सांगू?” सुनेनं विचारलं.

“सांग, दाराला नवी कडी बसवलीय. आता शांत झोप लागते.”

“लागत नाही, आई.”

“त्याला तरी लागू दे.”