उंचीचा कुत्रा

…आणि तुम्हाला सांगतो, ‘उंचीचा कुत्रा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे उंच कुत्रा उभा राहिला असेल, तर तुमची भाषा अजून शाबूत आहे, जपा तिला. इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशर परगण्यातली फ्लायबॉलवाली, म्हणजे कुत्र्यांच्या सांघिक शर्यती लावणारी मंडळी हा शब्द सगळ्यांत बुटक्या कुत्र्याला लावतात. का? तर एका संघाचे चार कुत्रे, एकामागून एक सुटणार, चार फळ्या ओलांडून टोकाच्या पेटीवर पंजे आपटणार, पेटी चेंडू उडवणार, तो तोंडात धरून त्याच वाटेनं परत… आणि त्या फळ्या किती उंच लावायच्या, हे ठरतं चौघांतल्या ठेंगण्याच्या खांद्यावरून. एक बुटका मिळवा, की बाकीचे तिघे लांबटांगे वाऱ्यासारखे सुटतात. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. आमच्या कप्तान ग्लेनिस पॅजेटबाईंना म्हटलं, याला ‘उंचीचा’ म्हणणं म्हणजे टकल्याला ‘केसांचा’ म्हणणं झालं. तर म्हणते, “लायनेल, राजा, शब्द तू सांभाळ, कुत्रा मला दे. एवढा एकच रविवार.”

तो एकच रविवार सहा वर्षांपूर्वी सुरू झाला, अजून मावळायचाय.

कुत्रा माझा, बिशप. आई शेतावर उंदीर मारायची. वडिलांविषयी गावात मतभेद आहेत. चेहरा धर्मगुरूचा, धड मेंढपाळी कुत्र्याचं आणि पाय… पाय पाटाचे. नोंदणीच्या अर्जात ‘जात’ असा रकाना होता, त्यात मी ‘अनिर्णित’ लिहिलं. ग्लेनिसनं ते खोडून ‘मिश्र’ केलं. मिश्र लोणचं असतं, बाई, म्हटलं. ऐकते कुठली?

बरं, कुत्रा पळतो तर पळू दे, माझं काय जातं? माझं सगळं जातं! तो दुसऱ्या कुणाकडे परत येतच नाही. म्हणून मी, एकाहत्तर वर्षांचा, कमरेनं अधू, जांभळा सदरा घालून चिखलात पाठमोरा धावतो, हातात दोरीचा तुकडा नाचवत, “ये रे माझ्या राज्या, ये रे!” असा गळा काढत… आणि कमरेचं कारण पुढे केलं, तर पुढच्या वेळी ग्लेनिस घडीची खुर्ची घेऊन हजर. “बस की. नुसती हाक मार. एवढा एकच रविवार.”

इकडे माझी थोरली बहीण एनिड. तिच्याकडे रविवारी दुपारी एकला भाजलेलं मांस, बटाटे, रस्सा. सहा वर्षांत मी ते गरम खाल्लेलं नाही. आधी ती वाट पाहायची, मग झाकून ठेवायची, मग पुडी बांधून पाठवायची. हल्ली माझं ताटच मांडत नाही. ते जास्त लागतं हो.

आणि यंदा फेरमोजणी आली. बिशप एक इंच जरी उंच भरला, तरी त्याची जागा गेली आणि माझी सुटका झाली, कारण त्या उंचीचे दोन चपळ टेरिअर संघात रिकामे बसून आहेत. मी काय केलं? काही नाही. सहा आठवडे त्याची नखं कापली नाहीत, बस. स्वयंपाकघरात चालला की टंकलेखन चाललंय असं वाटायचं. एनिडला फोन केला, “या रविवारी ताट मांड. एकला येतो.”

“मांडते,” ती म्हणाली. “पण तुझा रस्सा फडताळात ठेवते, तू आल्यावर गरम करीन. माझा भरवसा आता तेवढाच उरलाय, बाबा.”

रविवारी मैदानावर पंच बंटिंगसाहेबांनी बिशपला टेबलावर चढवलं, लाकडी चौकट खांद्याला लावली… आणि भरला. खरंच जास्त भरला. ग्लेनिसचा चेहरा उतरला. मला एनिडच्या बटाट्यांचा वास आला, शपथेवर सांगतो.

“नियमाप्रमाणे आणखी एकदा मोजतो,” बंटिंग म्हणाले. “सरळ उभा धरा.”

नेमकी तेव्हाच तिकडे पेटी वाजली. खट्ट. बिशप शहारला. तो चेंडूकडे बघेल असं वाटलं मला. बघितलं त्यानं माझ्याकडे. त्या धर्मगुरूच्या तोंडानं, नुसतं बघितलं. मागणं नाही, तक्रार नाही… आता त्याच्या डाव्या कानामागे एक जागा आहे, तिथं खाजवलं की तो लोण्यासारखा खांद्यात विरघळतो. ही जागा सबंध जगात एकाच माणसाला ठाऊक. तिथं एक बोट गेलं. कुणाचं गेलं, ते तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही.

“जुनंच माप,” बंटिंग म्हणाले, आणि मापाच्या पत्रकावर शिक्का मारला. “आता पुन्हा मोजणी नाही. हे पत्रक आयुष्यभराचं.”

“कुणाच्या आयुष्यभराचं?” मी विचारलं. शब्द नेमका हवा ना, माणसानं काय समजायचं?

ग्लेनिस बिशपचा पट्टा अडकवत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमच्या दोघांत जो जास्त जगेल, त्याच्या.”