हातातल्या बॅगेत मावेल एवढं

दुबईत अल क्वोजमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात अनिल आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. काउंटरवरून मराठी कानावर पडलं आणि त्याने हातातला फोन खाली ठेवला. तिथे मायलेकी उभ्या होत्या, समोर दुकानदाराने कॉम्प्युटरचं एक इवलंसं कॅबिनेट उघडून ठेवलेलं.

"मॅडम, वॉटर कूलिंग इसमें नहीं बैठेगा. पंप लगाया तो रेडिएटर की जगह नहीं. बडा कॅबिनेट ले लो."

"नहीं भैया, इसी में बिठाओ. पाइप थोडा मोडके देखो ना."

"लायबा, तो सांगतोय तर मोठं घे ना."

"मम्मी, प्लीज! पप्पांचा रूल आहे. हँडबॅगेत मावेल तेवढंच घ्यायचं."

"मला सांगतेस? जन्मभर घरात धड कपाट येऊ दिलं नाही त्यांनी. खुर्च्यासुद्धा घडीच्या. व्हिसा कधी खलास होईल आणि रत्नागिरीची वाट धरावी लागेल, नेम नाही म्हणायचे."

"एक्झॅक्टली."

"मोठंच घे."

"अँड व्हेन वी गो बॅक?"

"पप्पांना इथल्या मातीत ठेवलंय, बाळा. त्यांना एकटं टाकून आता कुठे जायचंय आपल्याला?"